क्षितिजाचा धवला

आमच्या राहीबाईला आयुष्यात एकच लग्न लावायचं होतं. बाकीची गावभर, पंचक्रोशीभर लावली ती सगळी सराव म्हणून, असं ती स्वतःच म्हणायची. ते एक लग्न म्हणजे माझ्या पोरीचं, क्षितिजाचं.

राहीबाई माझी सासू. तोंडावर 'आई, तुम्ही' आणि पाठीमागे 'आमची म्हातारी', सगळ्याच सुनांचं असतं तसं माझंही आहे, त्यात लाजायचं काय? ती धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात नवरीशेजारी बसून धवले गाते. आधी देवांना आवतण देते, गावदेवीला, शिवेवरच्या देवाला, खाडीच्या पाण्याला. मग नवरीचं नाव सांगते, नवऱ्याचं नाव सांगते, आणि शेवटी पोरीला देवांच्या ओटीत घालते. त्याला म्हणतात सोपवणं. ते झालं की जुन्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणतात, लागलं बाई लग्न. भटजींची मंगलाष्टकं अजून व्हायची असतात, पण बायकांच्या लेखी काम झालेलं असतं.

तिला हे सगळं तिच्या सासूनं, आनंदीबाईनं शिकवलं. शिकवताना एक नियम घालून दिला. एका नवरीवर धवला एकदाच. येता-जाता, मौज म्हणून, कुणाला दाखवायला म्हणून शब्द लावायचे नाहीत. शब्द लावले की देव आपली कामं टाकून उठून येतात, आणि आलेल्या देवाला लग्न नाही म्हणून परत पाठवता येत नाही. त्यामुळे आमची म्हातारी भाकरी थापताना, सुकी कोलीम मासळी निवडताना नुसती चाल गुणगुणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हिचे शब्द विसरलेत बहुतेक. विचारलं तर असं बघितलं माझ्याकडे की पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

क्षितिजा जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "हिचा धवला मी म्हननार. तवर मना मरन न्हाय."

माझे टाके दुखत होते. मी म्हटलं, "आई, आधी तिला दूध तरी पिऊ द्या."

पण ती बोलली ते काही तोंडदेखलं नव्हतं. तिनं खरंच ते धरून ठेवलं. कुणाच्या लग्नाहून आली की सांगायची, आज अमुक जागी श्वास अडकला, क्षितिजाच्या वेळी अडकता कामा नये. आज सोपवताना नवरीच्या आईकडे बघितलं आणि आवाज हलला, क्षितिजाच्या वेळी तुझ्याकडे बघणार नाही मेघाली, तू रडतेस फार.

आता लग्नं कशी होतात ते मी काय सांगू! आमच्या वळ गावात शेतं होती तिथे गोडाउनं उभी राहिली, आमचंही एक आहे, त्याच्या भाड्यावरच आमचं घर चालतं, तेव्हा त्याबद्दल मी तोंड उघडणार नाही. पण पैसा आला आणि मांडवात पहिला कोण शिरला असेल तर तो डीजे. भिंतीएवढे बॉक्स. छातीत धडधड होते, लहान पोरं कानात बोटं घालतात, आणि त्यात ही बाई कोपऱ्यात बसून धवला म्हणते. डीजेवाला पोरगा येऊन सांगतो, "आजी, जरा शॉर्टमध्ये घ्या, पब्लिक थांबलंय." अरे मेल्या, तुझी पब्लिक नाचायला थांबलीय, देव कशाला थांबलेत ते बघ की! पण ही धवला संपवून, मिळालेली मानाची साडी काखेत मारून घरी यायची, कपाटात टाकायची आणि घसा धरून बसायची. एकदा मला म्हणाली, "मेघाली, माझा आवाज मनाच ऐकू येत न्हाय गो मांडवात. मी म्हनते की नुसती तोंड हलवते, कोन जाने."

आता त्या युनिव्हर्सिटीचं सांगते.

काल्हेरकडून वळ गावी येताना रस्त्यावर गोडाउनांच्या मधेच ती उभी आहे. काचेची, चार मजल्यांची, खाजगी. नाव एवढं लांब की बसवर दोन ओळींत लिहावं लागलंय. आत काय काय शिकवतात! लॉजिस्टिक्सचं बीबीए, सप्लाय चेन, डेटाचं काहीतरी. वर्गाच्या खिडकीतून बघितलं तर समोर ट्रक भरत असतात, म्हणजे पोरांचं प्रॅक्टिकल खिडकीतूनच होतं. क्षितिजानं लॉजिस्टिक्स घेतलं. माझे मालक, केसरीनाथ, जाम खूश. गोडाउन आपलं, आता त्यातलं डोकंही आपलंच, असं चार माणसांत सांगत फिरायचे. मला कुणी कॉलेजला घातलं नाही, बारावीचा निकाल लागला आणि पाहुणे बघायला आले. म्हणून ॲडमिशनच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. लायब्ररीत एका खुर्चीवर बसून बघितलं. पोरगी म्हणाली, "मम्मी, चल ना, लोक बघतायत." बघू देत की. मला नाही काही फरक पडला.

तिथली पोरं सगळीकडची. शहरातल्या लूमवाल्यांची, काल्हेरच्या नव्या बिल्डिंगांतली, अकलोलीकडून दोन गाड्या बदलून येणारी. दिवसभर हिंदीत बोलायची. क्षितिजा घरी येऊन "अरे यार, क्या अटेंडन्स अटेंडन्स लगा रखा है" म्हणायची तेव्हा आजी विचारायची, "ही आमचीच ना गो?" हजेरी पंचाहत्तर टक्के पाहिजे म्हणून ताप असला तरी जायची. प्रेझेंटेशनला मैत्रिणीचा ब्लेझर घालायची, तो खांद्यावर लोंबायचा. कॅन्टीनमध्ये एक डोसा चौघींत. मला हेवा वाटायचा. वाटायचाच, खोटं कशाला बोलू?

तिच्या दुसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत तपासणीची कमिटी येणार होती. कमिटीला दाखवायचं म्हणून काय काय निघालं! भिंतींना रंग, कुंड्यांत झाडं, आणि प्रत्येक पोराला एक जादा कोर्स, दोन क्रेडिटचा. व्यक्तिमत्त्व विकास, योगा, नाहीतर लोककला आणि लोकसंस्कृती. पोरांनी लोककला घेतली, कारण तिथे परीक्षा नाही असं कुणीतरी उठवलं होतं. तो कोर्स सागर सर नावाच्या एका तरुण मास्तरांच्या गळ्यात पडला. ते कंत्राटावर होते. शिकवायला कोण आणायचं हे त्या बिचाऱ्यांना सुचेना. तर आमची कन्या वर्गात हात वर करून म्हणाली, "सर, माझी आजी धवलारीण आहे."

सागर सर घरी आले. खुर्ची देऊनही खाली बसले, भाकरी-सुकट खाल्ली, आणि म्हातारीला 'मॅडम' म्हणाले. ती एवढी हसली की ठसका लागला. पण धवल्याचं विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, नवरी नाही तर शब्द नाहीत. सरांनी हट्ट केला नाही, हे त्यांचं मला आवडलं. मग तिनंच वाट काढली. क्षितिजाच्या लहानपणच्या बाहुल्या होत्या, त्यांना मुंडावळ्या बांधू आणि नुसतं आवतणाचं म्हणू. "आवतन म्हंजे नुसतं बोलावनं. बावल्यांचं लगीन बगायला यायला देवांनाबी हौस आसंल. पुढचं मातुर न्हाय म्हननार." नावं नाहीत, सोपवणं तर मुळीच नाही. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणाल तसं.

झालं, आमची म्हातारी युनिव्हर्सिटीत शिकवायला जायला लागली! कॉलेजच्या बसमध्ये पुढच्या सीटवर, नातीशेजारी. गळ्यात ओळखपत्र. ते तिला इतकं आवडलं की बाजारात मासळी घ्यायलाही घालून जायची. मावरेवालीनं विचारलं हे काय, तर म्हणाली, "ड्युटीवर हाय मी." हजेरीसाठी आलेली पोरं आपल्या मित्रांना घेऊन यायला लागली. पोरं तिला विचारायची, आजी, पुढचं म्हणा ना. ती मान हलवायची. "पुढचं माझ्या नातीचं हाय, राखून ठेवलाय."

बघा, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं तिनं, सगळ्या वर्गाला.

मग कमिटीचा दिवस आला. त्याच दिवशी पोरांचा पारंपरिक दिवस ठेवलेला. पोरी नऊवारीत, पोरं फेट्यात, सगळीकडे सेल्फी. मलाही आमंत्रण होतं. मोठा हॉल, गार हवा, मऊ खुर्च्या. मी अगदी शेवटच्या रांगेत बसले, कारण पुढे कमिटी आणि साहेब लोक. म्हातारी स्टेजवर पाटाशेजारी बसली, पुढ्यात त्या दोन बाहुल्या. आता एवढ्याशा बाहुल्या, त्या हॉलमधून दिसणार काय, कप्पाळ? मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, झूम करो!" पोरं हसली. कमिटीतल्या एका बाईंनी मोबाइल काढला. सागर सरांचा चेहरा पडला. आणि म्हातारीच्या हातून एक बाहुली आडवी पडली. ती उचलायला वाकली तर आणखी हसले.

मला तिथून उठून एकेकाच्या कानफटात मारावीशी वाटली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून क्षितिजा उठली. नऊवारीत होतीच. तरातरा स्टेजवर चढली, बाहुल्या बाजूला केल्या, मुंडावळ्या स्वतःच्या कपाळाला बांधल्या आणि पाटावर बसली. "म्हण आजे," म्हणाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि सार्थक नावाच्या तिच्या वर्गातल्या एका पोराला ढकलत ढकलत वर आणून शेजारच्या पाटावर बसवलं. अकलोलीकडचा पोरगा, वर्गाचा प्रतिनिधी, स्वभावानं चेष्टेखोर. उगाच भलतं काही मनात आणू नका, त्यांच्यात तसं काहीच नव्हतं. पोरीला आपल्या आजीची फजिती बघवली नाही, एवढंच.

मी उठून "क्षितिजा!" म्हणून हाक मारली. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

आईनं आवतण सुरू केलं. पहिल्या ओळीला अजून खुसखुस चालली होती. दुसऱ्या ओळीला कमी झाली. मग कुणीतरी दिवे मंद केले, आणि हॉल शांत झाला. अगदी शांत. कमिटीच्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. तो आवाज, काय सांगू, मी इतकी वर्षं त्याच घरात राहते, मीसुद्धा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मांडवात तो डीजेखाली गाडलेलाच असायचा. गावदेवी झाली, शिवेवरचा देव झाला, खाडी झाली. आवतण संपलं. मला वाटलं, आता थांबेल.

ती थांबली नाही. डोळे मिटलेले होते. क्षितिजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नवरी कोनाची गो, नवरी क्षितिजा." मग त्या पोराकडे वळून हळूच नाव विचारलं. त्यानं माइकमध्ये "सार्थक" म्हटलं, पोरं जरा हसली, परत गप्प झाली. "नवरा कोनाचा गो, नवरा सार्थक." आणि तशीच पुढे गेली ती, एकही श्वास न अडकता, एकदाही आवाज न हलता. शेवटापर्यंत. पोर सोपवून मोकळी झाली.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेचनात. "वन्स मोअर! वन्स मोअर!" ती हसत होती. माइक तोंडाशी धरून काहीतरी बोललीही, पण मागे मला त्या आरडाओरड्यात काही ऐकू आलं नाही.

बसमधून येताना ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आली, ओळखपत्र खुंटीला अडकवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मेघाली, मी काय केलं गो?"

"काय केलं? मस्त म्हटलंत. लोक उभे राहिले."

"पोर सोपवली मी. क्षितिजाला सोपवली."

मला रागच आला. म्हटलं, "आई, नाटक होतं ते!"

"त्यांनी केलं आसंल नाटक," ती म्हणाली. "मी न्हाय केलं."

मग हळूहळू सांगितलं तिनं. थांबणारच होते, म्हणाली. पण किती वर्षांनी स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला. कुणी घाई केली नाही, कुणी शॉर्टमध्ये घ्या म्हणालं नाही. वाटलं, अजून एक ओळ, अजून एक ओळ. आणि नाव विचारायची वेळ आली तेव्हा खोटं नाव सुचेना, देवांपुढे खोटं कसं सांगायचं? हे बोलताना ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कॉलेजात पोरं महिनाभर क्षितिजाला 'वहिनी' म्हणून चिडवत होती, मग ते विसरून परीक्षेच्या मागे लागली. कमिटीला कार्यक्रम आवडला. म्हातारीचा फोटो युनिव्हर्सिटीच्या पुस्तिकेत छापून आला, चकचकीत कागदावर. पुढच्या वर्षी तो कोर्सच बंद. कमिटी आता काही वर्षं येणार नव्हती ना! सागर सरांचं कंत्राटही पुढे चालू ठेवलं नाही. जायच्या आधी ते घरी येऊन गेले, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर देऊन गेले. "मॅडमचा आवाज घरात असू दे," म्हणाले. भला माणूस. मी तो पेन ड्राइव्ह टीव्हीखालच्या कप्प्यात टाकला. कुणी लावला नाही.

दिवस गेले. क्षितिजा पास झाली, एका गोडाउनच्या ऑफिसात नोकरीला लागली, आणि काल्हेरचं स्थळ आलं. कुणाल. ट्रान्सपोर्टचा धंदा, माणसं बरी, पोरगा तर फारच गोड. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. सुपारी फुटली त्या दिवशी मी म्हातारीच्या पाया पडून म्हटलं, आता मागचं विसरा आणि म्हणा.

"न्हाय."

केसरीनाथांनी सांगितलं, भावकीनं सांगितलं. न्हाय. मी भांडले. अगदी पदर खोचून भांडले. म्हटलं, "देव तुमच्याइतके हट्टी नसतात!" ती शांतपणे म्हणाली, "देवांना बोलावलं, नावं सांगितली, पोर त्यांच्या वटीत घातली. आता परत बोलावून काय सांगू? मागलं खोटं व्हतं म्हनू? मग मी आतापत्तूर म्हटलेलं खरं कोन धरंल?" लग्नाला तिची ना नव्हती हो. लग्न लावा, भटजी आहे, मंगलाष्टकं आहेत, पोर सुखी राहू दे. फक्त तिचं तोंड आता उघडणार नव्हतं. शेजारच्या गावची धवलारीण जानकीबाई स्वतःहून म्हणाली, मी येते. तर आमची कन्या कोणाची? "आजी नाही तर कोणीच नाही," म्हणाली. एकीला आवरावं तर दुसरी!

आणि तयारीत म्हातारी सगळ्यात पुढे. पापड लाटले, हळद दळली, रुखवताच्या करंज्या स्वतः बसून मुरडल्या. करताना चाल गुणगुणायला लागायची. मग एकदम गप्प व्हायची आणि करंजीच्या कडेकडे बघत बसायची. त्या काळात तिनं दुसऱ्यांच्या लग्नाला जाणंही सोडलं. विचारलं तर म्हणाली, "ज्याच्यासाठी सराव केला, त्योच गेला. आता कशाला?" मला तिचा संतापही यायचा आणि वाईटही वाटायचं.

लग्न संध्याकाळचं, लॉनवर. क्षितिजा पाटावर बसली, समोर कुणाल. धवल्याची वेळ आली तशी जुन्या बायका आमच्या म्हातारीकडे बघायला लागल्या. ती पुढच्या रांगेत खुर्चीवर, हात मांडीवर. मी मनात म्हटलं, आता लवकर उरका बाबा.

आणि माझ्या नवऱ्यानं डीजेवाल्याला खूण केली.

त्या भिंतीएवढ्या बॉक्सांतून आईचा आवाज आला. गावदेवीचं आवतण! मी केसरीनाथांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघून हसत होते. त्यांनी कप्प्यातून तो पेन ड्राइव्ह शोधून, कुणाला न सांगता डीजेवाल्याला दिला होता. सरप्राइज! आईचाच आवाज, आईचाच धवला, आणि त्यात लेकीचं नावसुद्धा आहे, याहून आणखी काय पाहिजे? तो माणूस त्या दिवशी हॉलमध्ये नव्हता, आणि शेवटपर्यंत ऐकून बघावं एवढा धीर आमच्या ह्यांना कुठला?

लॉन गप्प झालं. नाचायला आलेली पोरंही थांबली. म्हातारी आधी दचकली. मग, खरं सांगते, तिचा चेहरा उजळला. बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. मला वाटलं, देवा, जमलं की रे! हिला म्हणावंही लागलं नाही आणि पोरीला आजीचा धवलाही मिळाला. खाडीचं आवतण आलं. संपलं. "नवरी कोनाची गो, नवरी क्षितिजा." लोकांनी टाळ्या वाजवल्या, केसरीनाथांनी रुमाल काढला, पोरीचे डोळे भरले.

आणि मी बघितलं, म्हातारीची बोटं थांबली होती.

माझ्या लक्षात यायच्या आत ती उठली होती. "बंद कर! बंद कर त्यो! बंद कर रं!" असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. खुर्ची मागे पडली. डीजेवाला घाबरला आणि त्यानं एकदम सगळं बंद केलं. पुढची ओळ आली नाही. कुणालच्या माणसांनी दुसऱ्याच पोराचं नाव ऐकलं नाही.

पण त्यांनी ऐकलं ते एवढंच, की नवरीची आजी भर मांडवात ओरडली. कुणालची आत्या शेजारणीला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "म्हातारीला पसंत नाही वाटतं हे लग्न." केसरीनाथ रडवेले होऊन म्हणाले, "आई, अगं तुझाच तर आवाज होता!" ती खुर्ची सरळ करून बसली. भटजींनी संधी साधून सावधान सुरू केलं. मी खुलासा करायला पुढे झाले तर तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "सांगू नको कुनाला. पोरीला सासरी बोल लागंल."

क्षितिजाला कळलं होतं. पाठवणीच्या वेळी तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आजे, कानात तरी म्हण ना. कुणाला ऐकू जाणार नाही."

म्हातारीनं तिची हनुवटी धरली. "म्हटलाय बाय," म्हणाली. "तुला सगला म्हटलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारातला मांडव सोडत होते. केसरीनाथांना मी खरं सांगितल्यापासून ते कपाळाला हात लावून गोडाउनवर जाऊन बसले होते. म्हातारी माझ्याजवळ आली. "मेघाली, त्यो लाव गो. सगला लाव."

मी टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडला. दोघी खाली बसून बघत होतो. तेव्हाची क्षितिजा पाटावर तोंड दाबून हसतेय. आवतण झालं. तिचं नाव आलं. सार्थकचं आलं, पोरं हसली. मग सोपवणं आलं. पडद्यावरची क्षितिजा हसायची थांबली आणि आजीकडे बघायला लागली. आई माझ्या शेजारी श्वास धरून बसली होती. त्या धवल्यात एकही चूक नव्हती.

टाळ्या सुरू झाल्या. वन्स मोअर, वन्स मोअर. टीव्हीतल्या राहीबाईनं माइक तोंडाशी धरला आणि हसत हसत म्हणाली, "न्हाय रं पोरांनो. धवला एकदाच आसतो."

हे त्या दिवशी मला ऐकू आलंच नव्हतं. मी वळून आईकडे बघितलं.

"मी बोलली व्हती?" तिनं मला विचारलं.

"हो, आई."

तिनं टीव्हीकडे बोट केलं.

"हसून बोलली गो," म्हणाली.